बाबांची निळी फाइल आणि युनिरूट

गेल्या महिन्यात वीकांताला जोडून एक सुट्टी आली म्हणून सांगलीला घरी गेलो होतो. रात्रीची जेवणं झाली आणि बाबांनी कपाटातून ती निळी फाइल काढली. आमच्याकडे ही फाइल बाहेर आली की समजायचं, विम्याचा हप्ता जवळ आलाय. मी नववीत असताना बाबांनी ही पॉलिसी घेतली. वर्षाला ५०,००० रुपये, २० वर्षं. शेवटी बोनस वगैरे धरून साधारण १८ लाख मिळतील असा अंदाज. १४ हप्ते भरून झालेत, पंधरावा तोंडावर. बाबा शाळेत भूगोल शिकवतात आणि पुढच्या वर्षी रिटायर होतायत, म्हणजे यापुढचे बहुतेक हप्ते पेन्शनीतून जाणार.

मी सहज विचारलं, "बाबा, यात व्याज किती सुटतं हो?"

बाबांचं गणित सरळ होतं. भरणार १० लाख, मिळणार १८ लाख. वरचे ८ लाख म्हणजे ८० टक्के. २० वर्षांत ८०, म्हणजे वर्षाला ४ टक्के.

दुसऱ्या दिवशी सकाळी एजंट काका चहाला आले. बाबांचे जुने मित्र, आमच्याच कॉलनीत राहतात. त्यांना हे ४ टक्के सांगितल्यावर ते हसले. "अहो सर, सगळे पैसे वीस वर्षं कुठे पडून होते? पहिला हप्ता वीस वर्षं, शेवटचा एकच वर्ष. सरासरी साडेदहा वर्षं. ८० भागिले साडेदहा करा." केलं. ७.६ आलं.

आता गंमत बघा. दोघांचंही बोलणं ऐकताना पटतं. बाबांनी शेवटचा हप्ताही वीस वर्षं अडकवला, आणि काकांनी सरासरी बरोबर काढली पण व्याजावर व्याज चढतं हेच सोडून दिलं. खरं उत्तर या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी आहे. ते काढायला मी लॅपटॉप उघडला आणि 'आर' सुरू केलं. (ऑफिसात डेटाची कामं याच भाषेत करतो, त्यामुळे हात तिकडेच जातो. सुट्टीच्या दिवशी लॅपटॉप उघडल्याबद्दल आईने जे ऐकवलं ते इथे देत नाही.)

आता मूळ मुद्द्याआधी थोडी कुरकुर. इंजिनिअरिंगला आम्हाला न्यूमेरिकल मेथड्स होत्या. त्यात एक ठरलेला प्रश्न: एक्सचा घन वजा दोन एक्स वजा पाच बरोबर शून्य, न्यूटन-राफसनने मूळ काढा, चार दशांश स्थळांपर्यंत. खुद्द न्यूटनने १६६९ मध्ये हेच समीकरण उदाहरणाला घेतलं होतं, आणि साडेतीनशे वर्षं झाली तरी आपण त्याला सोडलेलं नाही. कॅल्सीवर बोटं बडवायची, २.०९४६ लिहायचं, चौकट करायची, मार्क घ्यायचे. पण ते समीकरण कुठून आलं हे कुणी सांगायचं नाही. फंक्शन आयतं मिळायचं, आणि पेपरातले सगळे मार्क ते सोडवण्याला. नोकरीत आल्यावर कळलं की बाहेर सगळं उलट आहे. सोडवायला तयार अवजारं पडलेली असतात. फंक्शन मात्र आपल्यालाच लिहावं लागतं, आणि सगळ्या चुका तिथेच होतात. माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते बाबांच्या फाइलवरच दाखवतो.

व्याजाचा दर समजा तर पुढचं सगळं सोपं. ५ टक्के समजा. पहिले ५०,००० वीस वर्षं वाढले, दुसरे एकोणीस, असं करत शेवटचे एक वर्ष. सगळ्यांची बेरीज साधारण १७ लाख ३६ हजार. मिळायचे आहेत १८ लाख, म्हणजे खरा दर पाचाच्या थोडा वर. पण उलटं, १८ लाखांवरून थेट दर काढून देणारं सूत्र मागाल तर मिळत नाही. हे विसाव्या घाताचं समीकरण आहे, आणि पाचव्या घातापासून पुढे मुळं काढायचं सर्वसाधारण सूत्र असूच शकत नाही हे आबेलने १८२४ मध्येच सिद्ध करून ठेवलंय.

अंदाजाने सुरुवात करून उत्तर गाठायची कल्पना आपल्याकडे नवी नाही. भास्कराचार्यांच्या ११५० च्या लीलावतीत 'इष्टकर्म' आहे: मनाला येईल ती संख्या धरा, प्रश्नात सांगितलेल्या क्रिया तिच्यावर करा, आणि जे येईल त्यावरून त्रैराशिकाने खरी संख्या काढा. एका फटक्यात उत्तर. पण ते चालतं कारण तिथे धरलेली संख्या दुप्पट केली की उत्तरही दुप्पट होतं. चक्रवाढ व्याज असं सरळ वागत नाही. ५ टक्क्यांना १७ लाख ३६ हजार, तर १० टक्क्यांना ३१ लाख ५० हजार. दुप्पट नाहीच. म्हणून इथे एका अंदाजाने भागत नाही, पुन्हा पुन्हा धरावं लागतं.

तर फंक्शन असं: आत दर घाला, बाहेर येणार हप्त्यांची वाढून झालेली बेरीज वजा १८ लाख. दर शून्य ठेवला तर उणे ८ लाख. १० टक्के ठेवला तर अधिक साडेतेरा लाख. मध्ये कुठेतरी ते शून्यातून गेलंच पाहिजे, आणि तोच आपला दर. मग मोल्सवर्थच्या कोशात शब्द शोधतो तसं करायचं. मधोमध उघडा, शब्द आधीचा की नंतरचा ते बघा, अर्धा कोश बाजूला टाका. १० टक्क्यांचा पट्टा दहा वेळा अर्धा केला की ०.०१ टक्क्याएवढा उरतो. 'आर'मधलं युनिरूट आतून याहून हुशार आहे. रिचर्ड ब्रेंटची १९७३ ची रीत वापरतं, जमेल तिथे झेप घेतं आणि नाही जमलं तर निमूटपणे अर्धं करतं. पण आपण दिलेल्या पट्ट्याच्या बाहेर ते कधी जात नाही. न्यूटनचं तसं नाही. सुरुवात चुकीच्या जागी केली तर तो भलतीकडे पळतो, आणि परीक्षेत हे कधी कळत नाही कारण सुरुवातीचा आकडाही प्रश्नातच दिलेला असतो.

आता माझी शहाणपणाची कहाणी. पहिल्यांदा मी रुबाबात पाठ्यपुस्तकातलं बंद सूत्र लिहिलं, ज्यात शेवटी दराने भागायचं असतं. पट्टा दिला शून्य ते ०.१. एंटर मारलं आणि लाल अक्षरात ओरड: खालच्या टोकाला फंक्शनची किंमतच नाही. बरोबर आहे, दर शून्य म्हणजे शून्य भागिले शून्य. मला वाटलं होतं की व्याज नसेल तर उत्तर १० लाख हे शेंबड्या पोरालाही कळतं. सूत्राला कळत नव्हतं.

मग सूत्र फेकून दिलं आणि फंक्शन पावत्यांसारखं लिहिलं: प्रत्येक हप्ता, तो किती वर्षं वाढला, आणि सगळ्याची बेरीज. एका ओळीचं काम. दर शून्य टाकून पाहिला, उणे ८ लाख. युनिरूटला दिलं, उत्तर आलं ५.८०.

मी लगेच बाहेर जाऊन जाहीर केलं, "पाच पूर्णांक आठ."

बाबा पावत्या चाळत होते. म्हणाले, "पण हप्ता तर आपण वर्षाच्या सुरुवातीला भरतो ना रे?"

झालं! मी घातांक एकोणीसपासून शून्यापर्यंत लिहिले होते, म्हणजे प्रत्येक हप्ता वर्षाच्या शेवटी भरल्यासारखा. पाहिजे होते वीसपासून एकपर्यंत. दुरुस्त केलं आणि उत्तर ५.३१ वर आलं. अर्धा टक्का गेला, नुसत्या एका वर्षाच्या सरकण्याने. आणि यात कुठेही लाल अक्षरं आली नाहीत, साधी वॉर्निंगसुद्धा नाही. युनिरूटने दोन्ही वेळा विचारलेल्या प्रश्नाचं चोख उत्तर दिलं. पहिल्या वेळी प्रश्न दुसऱ्याच कुणाच्या पॉलिसीचा होता, एवढंच.

तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कशाला, एक्सेलमध्ये 'रेट' नावाचं तयार फंक्शन आहे की. आहे ना. त्यात एक खूण द्यायची असते, हप्ता सुरुवातीला की शेवटी. ती रिकामी सोडली तर एक्सेल 'शेवटी' धरतं आणि तुम्हाला ५.८० देतं. माझीच चूक, फक्त ती माझ्या नावावर लागत नाही. स्वतः लिहिलेल्या फंक्शनमध्ये निदान ते वीस आणि एक डोळ्यांना दिसतात, आणि भूगोलाचे सर त्यावर बोट ठेवू शकतात.

आणखी एक सवय सांगतो. मूळ शोधण्याआधी फंक्शनचा आलेख काढायचा. तिथे नव्या लोकांना एक धक्का बसतो. युनिरूट एका वेळी एकच दर फंक्शनला देतं, पण आलेख काढणारं 'कर्व्ह' शंभरएक दर एकदम टाकतं. आपलं फंक्शन आत बेरीज करून एकच आकडा परत करतं, मग कर्व्ह रुसतं. रुसलं तर बरं. योगायोगाने बरोबर वीस दर दिलेत तर 'आर' पहिला दर पहिल्या हप्त्याला, दुसरा दुसऱ्याला असं जोडून एक आकडा काढतं आणि चूं करत नाही. एसअप्लाय वापरून एकेक दर द्यायचा, झालं.

अचूकपणाचाही असाच घोळ. हा मला बाबांच्या नाही, रूममेटच्या निमित्ताने कळला. त्याने २०२२ मध्ये बाइकसाठी १ लाखाचं कर्ज घेतलं होतं, ३ वर्षं, 'फक्त ९ टक्के फ्लॅट'. फ्लॅट म्हणजे मुद्दल फिटत आलं तरी व्याज पूर्ण लाखावर. तीन वर्षांचं व्याज २७,०००, महिन्याचा हप्ता ३,५२८. घटत्या शिलकीवर याचा खरा दर काढला तर वर्षाला १६.२४ टक्के. वर २,००० रुपये प्रोसेसिंग फी आधीच कापून घेतली होती, ती धरली तर १७.६९. पठ्ठ्या तीन वर्षं ९ टक्क्यांच्या आनंदात होता. आता रिझर्व्ह बँकेच्या २०२४ च्या नियमाप्रमाणे, १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या नव्या किरकोळ कर्जांसाठी बँका आणि फायनान्स कंपन्यांना फीसकटचा वार्षिक दर एका पानावर लिहून द्यावा लागतो. चांगलं झालं. पण ते पानही मी एकदा स्वतः पडताळीन.

तर घोळ असा: युनिरूट न सांगता साधारण ०.०००१२ एवढी चूक चालवून घेतं. वर्षाच्या दराला हे चालून जातं. पण कर्जात दर महिन्याचा असतो. ०.०१३५ च्या आसपासचा आकडा शोधताना तेवढी चूक, आणि मग आपण बाराने गुणणार. वर्षाचा दर जवळजवळ ०.१५ टक्क्यापर्यंत हलू शकतो. बाबांच्या पॉलिसीत तेवढ्याच चुकीने शेवटच्या रकमेत अडीच हजारांपर्यंत फरक पडू शकतो. युनिरूट उत्तराबरोबर हेही परत देतं की त्या मुळावर फंक्शनची किंमत किती उरली, पण सगळे फक्त मूळ उचलतात आणि निघतात. ती उरलेली रक्कम बघा. रुपयांत असते, लगेच कळते. जास्त वाटली तर 'टॉल' लहान करा.

असो. ५.३१ आलं आणि मी जोरात आलो. विम्याचं संरक्षण मिळालं हे खरं, त्याची किंमत या आकड्यात धरलेली नाही, पण तरीही ५.३१ म्हणजे काहीच नाही. मी बाबांना सांगून टाकलं, "मोडून टाका. पुढचे सहा हप्ते भरू नका." काका गप्प झाले. आईने चहाचे कप उचलले. मला वाटलं, शिकल्याचं चीज झालं.

बाबा थोड्या वेळाने म्हणाले, "आत्ता मोडली तर किती मिळतील ते बघितलंस का?"

नव्हतं बघितलं. फाइलमध्ये कंपनीचं पत्र होतं, आज मोडली तर ७ लाख २० हजार. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी काढलेला दर 'ही पॉलिसी चौदा वर्षांपूर्वी घ्यायला हवी होती का' याचा होता. आता कोण विचारतंय ते? आजचा प्रश्न वेगळा होता: आज ७ लाख २० हजार हातात न घेता सोडून दिले, वर आजपासून सहा वर्षं दरवर्षी ५०,००० घातले, आणि सहा वर्षांनी १८ लाख मिळाले, तर त्या पैशावर दर किती?

नवं फंक्शन लिहिलं. यात गेलेले चौदा हप्ते कुठेच नाहीत. बाबांनी तेही विचारलं, "मग माझे सात लाख गेले कुठे तुझ्या गणितात?" मी म्हटलं, ते त्या ७ लाख २० हजारांत आले, कमी झालेत की वाढलेत ते आता बदलत नाही. घाईत पट्टा दिला शून्य ते ०.१, मघाचाच. युनिरूटने नकार दिला: दोन्ही टोकांना चिन्ह एकच आहे. हा मला सगळ्यात सभ्य एरर वाटतो. तुम्ही जिथे शोधताय तिथे उत्तर असल्याचा पुरावा नाही, एवढंच तो म्हणतो. १० टक्क्यांनासुद्धा बेरीज १८ लाखांना पोचत नव्हती. पट्टा ०.२ पर्यंत वाढवला.

उत्तर ११.१६.

मी ते दोनदा तपासलं. मग बोनस कमी पडेल असं धरून १८ ऐवजी १७ लाख टाकले. तरी १० टक्के. सहा वर्षांसाठी एवढं देणारी भरवशाची मुदत ठेव मला तरी माहीत नाही. म्हणजे पॉलिसी घेणं महागात पडलं हे ५.३१ सांगतं ते खरंच, आणि आज ती मोडणं हा त्याहून मोठा तोटा हेही खरं. मोडताना कंपनी इतकं कापून घेते की पुढे चालू ठेवण्यातच फायदा उरतो. मी तासाभरापूर्वी छाती पुढे काढून जो सल्ला दिला होता तो बाबांनी ऐकला असता तर पेन्शनीतल्या माणसाचं चांगलंच नुकसान झालं असतं. गणितात एकाही ठिकाणी चूक नव्हती.

मी बाबांना सॉरी म्हटलं. काकांनाही फोन करून सांगितलं. त्यांना अर्थातच आनंद झाला, आणि त्यांनी तो ७.६ चा हिशोब पुन्हा ऐकवला.

रविवारी दुपारी पुण्याची बस होती. बॅग भरत होतो तर बाबा हॉलमध्ये पंचांगाच्या मागच्या कोऱ्या पानावर काहीतरी लिहीत होते, शेजारी मोबाइलचा कॅल्क्युलेटर. वाकून बघितलं. वर '१० टक्के', पुढे 'एक लाख कमी'. खाली '१२ टक्के', पुढे '७५ हजार जास्त'. मग '११', 'चौदा हजार कमी'. मग 'साडेअकरा', 'तीस हजार जास्त'. सव्वाअकरा लिहून पुढची जागा रिकामी होती.

मी म्हटलं, "बाबा, ११.१६ आहे. मी काढलंय ना."

"ते तुझ्या मशीनने काढलंय," ते म्हणाले. "हप्ता मला भरायचाय. तू हो पुढे, बस चुकेल."